हळूहळू उतरणारी कॉफी

आमच्याकडे पाहुण्याला कॉफी विचारली की पाहुणा घाबरत असे. "नको नको, मला काही झालेलं नाही," म्हणून बिचारा चहाच मागायचा. जळगाव-धुळ्याकडे त्या काळी चहा रोजचा आणि कॉफी आजाऱ्याची. ताप आला, कॉफी. सर्दीने डोकं जड झालं, कॉफी. मुलगा परीक्षेला बसला, कॉफी, कारण परीक्षा हासुद्धा घरादाराला आलेला ताप. आणि ती करायची तरी कशी? दूध, पाणी, साखर एकत्र खळखळा उकळायचं, त्यात कॉफीची वडी कुस्करायची, सहाणेवर जायफळ उगाळून घालायचं आणि फडक्यातून गाळायचं. एखाद्या घरातून हा वास आला की शेजारीण हातातलं लाटणं खाली ठेवून दारात हजर. "कोन आजारी शे?"

अशा मुलखात मी कॉफी विकत होते. पोटापाण्यासाठी, चांगली बारा-तेरा वर्षं. हसा खुशाल, मीही हसायचे.

जळगावच्या बाजारात केसरचंद शेठजींचं दुकान होतं. पुढे किराणा, मागे स्टोव्ह आणि भांडी. सत्तर सालाच्या थोडं आधी शेठजींनी मुंबईहून कॉफीचा बराच माल उचलला. डब्यातली झटपट पावडर, दळलेली कॉफी, मद्रासी पद्धतीचे फिल्टर आणि दहा-बारा परकोलेटर. का उचलला ते शेठजींनाच ठाऊक. स्वतः कट्टर जैन, उकळून गार केलेलं पाणी सोडून दुसरं काही तोंडाला लावत नसत. चहाही नाही, कॉफीही नाही. माल महिनाभर तसाच पडून राहिला तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की ही वस्तू दुकानात उभं राहून विकली जाणार नाही, ती स्वयंपाकघरात शिरून विकावी लागेल. आणि स्वयंपाकघरात पुरुषाला कोण घेतो?

माझं माहेर भुसावळचं. वडील रेल्वेत, आणि शेजारी तंजावरकडच्या मामी. माझं लहानपण त्यांच्या ओट्यापाशी गेलं. फिल्टर मला पाटी-पेन्सिलीच्या आधी कळला म्हणा ना. शेठजींना कुणीतरी हे सांगितलं आणि मला बोलावणं आलं. "बाई, माल आपणहून बोलत नाही," शेठजी म्हणाले. "तुम्ही बोला त्याच्या वतीने." झालं, लागले मी बोलायला. आजतागायत थांबले नाही, असं आमच्या घरातले म्हणतात.

काम काय होतं ते सांगते. एका पिशवीत सगळी भांडी, दुसरीत पावडरी, आणि त्यावर शेठजींनी दिलेलं गजराचं घड्याळ. कुणाच्या घरी दहा-बारा बायका जमवायच्या, घड्याळ मधोमध मांडायचं आणि प्रत्येक पद्धतीला किती वेळ लागतो ते दाखवायचं. दळलेल्या कॉफीच्या उकाळ्याला पाव तास, वर फडकं धुवायची कटकट. वडीच्या उकाळ्यालाही तितकाच, फक्त मोजमाप करावं लागत नाही. परकोलेटर म्हणजे पोटात नळी असलेली किटली. पाणी तापलं की नळीतून वर उसळतं, वरच्या चाळणीतल्या पावडरीवर पडतं, पुन्हा खाली येतं, पुन्हा वर जातं. गुडगुड आवाज यायला लागला की झाली. दिसायला ऐटबाज, पण तेवढा वेळ स्टोव्ह अडकून पडतो. फिल्टर म्हणजे एकावर एक बसणारी दोन भांडी. वरच्याच्या बुडाला बारीक भोकं. त्यात पावडर, पावडरीवर दांड्याची चकती, वरून उकळतं पाणी, झाकण, आणि मग हात जोडून बसा. थेंब थेंब करत खाली अर्क उतरायला अर्धा तास लागतो. आणि झटपट पावडर? कपात चमचा, वर गरम पाणी-दूध, ढवळा की प्या. घड्याळाचा मोठा काटा हललेला दिसायचा नाही. इथे मी घड्याळ उचलून सगळ्यांना दाखवायचे. शेठजींची तशी आज्ञाच होती.

पण बायकांना झटपट ही गोष्टच पटत नसे. धुळ्याला एका घरी मी डबा विकून आले आणि पुढच्या फेरीला त्या घरच्या बाई कमरेवर हात ठेवून माझी वाट बघत होत्या. त्यांनी काय केलं होतं? झटपट पावडर दूध-साखरेत घालून चांगली उकळली, मग फडक्यातून गाळली, आणि फडकं उघडून बघतात तर आत काहीच नाही! "चोथा कोठे गया वं बाई?" कपाळ माझं! चोथा नाही म्हणजे माल खोटा, अशी त्यांची ठाम समजूत. हिला चोथा नसतोच, हे मी हरतऱ्हेने सांगितलं. शेवटी त्या म्हणाल्या, "जिना चोथा नही, ती कॉफी काय कामनी?" डबा त्यांनी ठेवून घेतला, पण पाहुण्यांना दिसेल असा काचेच्या कपाटात, शोभेला.

रावेरचे एक केळीवाले भाऊ होते. मोठा बागाईतदार, मोठं घर, मोठा आवाज. त्यांनी परकोलेटर बघितला आणि भाव न विचारता उचलला. चार दिवसांनी ट्रकबरोबर परत पाठवला आणि मागोमाग स्वतः आले. "बाई, हे यंत्र ओकतं!" मी झाकण काढलं. नळीत, चाळणीत, तोटीत सगळीकडे करपलेली साय. अहो, भाऊंनी त्यात निव्वळ दूध घातलं होतं. "पाण्याची कॉफी? आम्ही काय भिकेला लागलोय का?" आमच्या भागात पाण्याची कॉफी देणं हा पाहुण्याचा अपमान. ती नळी मी दाभणाने टोकरून बघितली, तरी साय काही निघेना. भाऊ मात्र खुशीत होते. घरातल्या पोरांनी कारंजं बघितलं म्हणाले, पैसे वसूल.

आणि दीपनगरला, वीजकेंद्राच्या वसाहतीत, एका मद्रासी इंजिनिअरांच्या घरी मी मोठ्या तोऱ्यात झटपट डबा काढला. त्या माउलीने तो हुंगला, हळूच झाकण लावलं, आणि इतक्या गोड आवाजात विचारलं, "हे कशावरचं औषध?" मी डबा पिशवीत टाकला आणि त्यांच्याच हातची कॉफी पिऊन परत आले. अशा घरी विकायला नसतं जायचं, शिकायला जायचं.

पण या सगळ्या मंडळींत जे माझ्या मनात घर करून बसले ते पिंप्राळ्याचे नाना.

नाना जिनिंग फॅक्टरीत फिटर होते. आयुष्यभर सरकीच्या यंत्रांच्या घरघरीत उभं राहून कान गेले होते. अगदी ठार नाही, पण कानाशी येऊन ओरडलं तरच ऐकू यायचं. मूळ गाव अमळनेराकडचं. माझ्याशी शहरातलं बोलत, पण मनातलं बोलायचं झालं की अहिराणीवर येत. पांढरा सदरा, धोतर, आणि खिशात कायम एक पेचकस. एक दिवस ते दुकानात आले आणि भांड्यांच्या फळीसमोर बराच वेळ उभे राहिले.

"बाई, कॉफीचं भांडं पाहिजे," ते म्हणाले. बहिऱ्या माणसाचा आवाज, सगळ्या बाजाराने ऐकला. "सगळ्यात लवकर होईल असं. आणि एक सांगून ठेवतो. जायफळाची नको. दुसरी कुठलीही चालेल."

मी त्यांच्या कानाशी जाऊन विचारलं, "जायफळ का नको?" तर तेही बाजाराने ऐकलं. मला लाज वाटली, कारण नानांचा चेहरा एकदम उतरला. मग त्यांना बाकावर बसवलं, आणि तुटक तुटक सगळं बाहेर आलं.

त्यांची बायको, गल्लीतली सगळी तिला अक्काच म्हणत, दोन वर्षं अंथरुणाला खिळून होती. दुपारी चारला नाना तिच्यासाठी कॉफी करायचे, जायफळ उगाळून. जायफळाने तिला जरा झोप लागायची. पण ती एकटी पीत नसे. कप पुढे करून म्हणायची, "अर्धी तुम्ही घ्या." नाना हाडाचे चहावाले, पण दोन वर्षं अर्धा कप कॉफी पीत राहिले. पावसाळ्यात अक्का गेली. आता चार वाजले की हात आपोआप स्टोव्हकडे जातो, आणि जायफळाचा वास नाकात गेला की आतल्या खोलीकडे बघावंसं वाटतं. "म्हणून जायफळ नको," नाना म्हणाले.

घाई कशाची होती तेही सांगितलं. एकुलता एक आंडोर, म्हणजे मुलगा, दिगंबर पिंपरीला कारखान्यात होता. मुलगा वाईट नव्हता हो, उलट जीव टाकणारा. आईचे दिवस झाल्यावर त्याने बघितलं, की नानांनी स्टोव्हवर दूध ठेवलं आणि दारात जाऊन बसले. दूध उतू गेलं, करपलं, भांडं लाल व्हायची वेळ आली, नानांना पत्ता नाही. दिगंबरने तिथल्या तिथे सांगितलं, "कानाने ऐकू येत नाही आणि घरात स्टोव्ह. मी दिवाळीला येतो. तोवर तुम्हाला एकट्याने धड काही करता आलं तर राहा. नाहीतर बिस्तरा बांधायचा आणि माझ्याबरोबर यायचं."

"मग जा की," मी ओरडले. "मुलगा आहे, सून आहे."

"दोन खोल्या आहेत त्याच्या," नाना म्हणाले. "आणि तिथे मला ओळखणारं कोण? इथे बहिरा म्हणून तरी ओळखतात."

तेव्हापासून नानांची कॉफी ही माझी परीक्षा झाली. घड्याळ घेऊन मी त्यांच्या घरी जायला लागले. शेजारच्या सुमनबाई सोबतीला यायच्या. त्या शिरपूरकडच्या, धडधाकट, कामाचा उरक दांडगा आणि जिभेलाही कुठे हाड नव्हतं. सकाळचं नानांचं दूध त्याच तापवून देत.

वडीचा उकाळा बादच होता, पुन्हा दूध उतू जायची भीती. परकोलेटरला गुडगुड ऐकू यायला हवी, पण त्याच्या झाकणावर काचेची घुंडी असते, तिच्यात पाणी उसळताना दिसतं. नाना त्या घुंडीकडे लहान मुलासारखे बघत बसले. मला वाटलं, जमलं. दुसऱ्या दिवशी जाऊन बघते तर परकोलेटरचा भाग न् भाग सुटा करून जमिनीवर मांडलेला! "नळीचा वरचा घेर बरोबर नाही," नाना म्हणाले, आणि कानस घेऊन बसले. फिटर माणसाच्या हातात परकोलेटर देणं ही माझीच चूक. तो पुन्हा कधी जोडला गेला नाही.

उरला झटपट डबा. पाणी उकळायचं, स्टोव्ह बंद, ढवळायचं, प्यायचं. पाणी उतू जात नाही, करपत नाही. नानांनी माझ्यासमोर करून दाखवली. मी घड्याळ वर करून सुमनबाईंना दाखवलं आणि मनात म्हटलं, शेठजींनी इथे असायला हवं होतं. दिगंबर आला की दोन मिनिटांत परीक्षा पास.

आठवड्याने नाना डबा घेऊन दुकानात हजर. अर्ध्याहून जास्त पावडर शिल्लक.

"परत घ्या म्हणत नाही," ते म्हणाले. "पण ही फार लवकर होते."

अशी तक्रार मी जन्मात ऐकली नव्हती. "नाना, तुम्हीच म्हणालात ना लवकरची पाहिजे?"

"म्हणालो खरं. चारला करतो, लगेच पिऊन होते. कप विसळून ठेवतो आणि बघतो, तर अजून चारच वाजलेले. मग पुढे काय करू?"

गजराचं घड्याळ बाजूला होतं, ते मी उगाच पालथं घातलं. एवढी वर्षं मी वेळ वाचवायचा धंदा करत होते, आणि वाचवलेला वेळ माणसाने कुठे ठेवायचा हे मला कुणी विचारलंच नव्हतं. खरंच सांगते, त्या क्षणी मला रडू आलं. मग उठले आणि फळीवरचा फिल्टर काढला. मधल्या आकाराचा, दोन कपांचा. नाना एका कपाचा मागत होते, तो मी दिला नाही.

फिल्टर नानांना पहिल्याच दिवशी आवडला. त्यांनी भोकं उजेडात धरून बघितली, दोन बुजलेली टाचणीने मोकळी केली. "याचा आवाज येत नाही ना?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. "मग आमचं दोघांचं जमेल," म्हणाले. पाणी उकळलं की ओतायचं आणि स्टोव्ह बंद. उरलेल्या गरम पाण्यात दुधाचं भांडं ठेवायचं, म्हणजे तेही गरम राहतं. आणि मग अर्धा तास नाना ओट्याशी स्टूल घेऊन बसत. मधेच झाकण उचलून पाणी किती खाली गेलं ते बघत, खालच्या भांड्याला हात लावून ऊब बघत. सगळं डोळ्यांचं आणि हाताचं काम, कानाची गरजच नाही.

फक्त एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. वास. झटपट पावडरीला भिंतीपलीकडे जाईल असा वास नसतो. फिल्टरचा अर्क उतरायला लागला की गल्लीभर दरवळतो. आणि त्या गल्लीने दोन वर्षं चार वाजता कॉफीचा वास घेतलेला, अक्काच्या आजारपणाचा. पहिल्याच दिवशी सुमनबाई धावत आल्या. "नाना, कोन आजारी शे? तुमले ताप शे का?"

नाना फिल्टरवर वाकलेले. त्यांना वाटलं, कॉफी झाली का विचारतेय. "उतरस वं, उतरस," ते म्हणाले. "हळूहळू उतरस."

सुमनबाईंना वाटलं, ताप उतरतोय. त्या बसल्या, कपाळाला हात लावून बघितला, अर्धा कप कॉफी प्यायल्या, आणि जाताना गल्लीत सांगून गेल्या. दुसऱ्या दिवशी त्या आल्याच, मागून समोरच्या घरातल्या आबांची म्हातारी आली. तिसऱ्या दिवशी आबा. जो येईल तो विचारायचा, "नाना, कसं शे आते?" आणि नाना म्हणायचे, "उतरस, उतरस."

मी आठ-पंधरा दिवसांनी गेले तेव्हा हा सगळा प्रकार बघितला. नानांची खोली भरलेली, कुणी भाजी आणलेली, कुणी भाकरी, आणि नाना वाट्यांमधून कॉफी वाटतायत. माणसं गेल्यावर मी त्यांच्या कानाशी ओरडले, "नाना, तुम्हाला ताप आहे असं सांगता की काय सगळ्यांना?"

"मी कुठे सांगतो?" नाना एकदम साळसूद. "ते विचारतात. मी कॉफीबद्दल बोलतो. मला ऐकू येत नाही ना!"

आणि असे मिश्कील हसले, की मला कळून चुकलं. पहिल्या दिवशी त्यांना खरंच ऐकू आलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून सगळं नीट कळत होतं. बेरकी म्हातारा!

पण तिथेच घोटाळा झाला. सुमनबाईंचा भाऊ पिंपरीला दिगंबरच्याच कारखान्यात. तो दसऱ्यासाठी शिरपूरला जाताना बहिणीकडे उतरला, तिने सांगितलं, नाना रोज कॉफी घेतात, ताप काही पुरता जात नाही. परत गेल्यावर त्याने ते दिगंबरला सांगितलं. आता पुण्यातल्या माणसाला 'वडील रोज कॉफी घेतात' असं सांगितलं तर तो म्हणेल, बरं मग? पण दिगंबर खानदेशातला. रोज कॉफी म्हणजे काय ते त्याला चांगलं माहीत. आई रोज कॉफी घ्यायची आणि गेली. तो दिवाळीची वाट न बघता रजा टाकून निघाला.

गल्लीत पोचायच्या आधी तो दुकानात आला. स्टेशनावरून सरळ, डोळे तांबारलेले. कॉफीवाली बाई कोण म्हणून विचारलं आणि माझ्यावर तोफ डागली. "माझ्या वडिलांना काय प्यायला लावलंय तुम्ही? ते इतके दिवस तापाने फणफणतायत आणि तुम्ही त्यांना फिल्टर विकता?"

मलाही राग येतो. पण त्याच्या हातातल्या सुताच्या दोरीकडे माझं लक्ष गेलं. बिस्तरा बांधायला नवी कोरी दोरी घेऊन आला होता. मी म्हटलं, "चला, मीपण येते." टांग्यात मी त्याला दोनदा सांगायचा प्रयत्न केला, तो ऐकायच्या मनःस्थितीतच नव्हता. बापाला ऐकू येत नाही आणि मुलगा ऐकत नाही, अशी जोडी.

चार वाजायला आले होते. नानांनी नुकतंच फिल्टरमध्ये पाणी ओतलं होतं. मुलाला दारात बघून आधी चेहरा फुलला, आणि दोरी बघून तसाच विझला. दिगंबरने वळकटी गुंडाळली, दोरी आवळायला घेतली. मी भिंतीशी उभी. आपल्यापायी एका म्हाताऱ्याचं घर सुटलं, एवढंच माझ्या डोक्यात घुमत होतं.

नाना म्हणाले, "कॉफी उतरू दे. मग जाऊ."

ते 'जाऊ' ऐकून दिगंबरचे हात थांबले. त्याला भांडण अपेक्षित होतं. तो वळकटीवरच बसला. अर्धा तास काढायचा होता ना. थोड्या वेळाने तो नानांच्या कानाशी गेला आणि म्हणाला, "ताप किती दिवसांपासून आहे?"

"ताप नाही मला."

दिगंबरने कपाळाला हात लावला. गळ्याला लावला. गार. "मग लोक रोज कशाला येतात?"

नानांनी झाकण उचलून पाणी बघितलं, पुन्हा ठेवलं. मग अहिराणीत म्हणाले, "तुनी माय गयी, तवयपासून माले कोन इचारस, कसं शे म्हणीसन? कॉफी करी की चार मानसं इचारतस."

दिगंबर मोठा बाप्या, कारखान्यात पाळ्या करणारा, पण उठून चटकन आतल्या खोलीत गेला. आम्हाला वाटलं डोळे पुसायला गेला. पण आतून डबा उघडल्याचा आवाज आला, मग घासल्याचा. नानांना तो ऐकू येणं शक्य नव्हतं. मला आला, आणि तो कशाचा हे मी लगेच ओळखलं.

दिगंबर बाहेर आला तो सहाण हातात घेऊन. आईच्या मिसळणाच्या डब्यातलं जायफळ त्याने उगाळलं होतं. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक! लहानपणी ताप आला की आई अशीच कॉफी द्यायची, एवढंच त्याला आठवत होतं. मी हाताने खुणा केल्या, नको, नको. त्याचं लक्षच नव्हतं. उतरलेला अर्क त्याने कपात घातला, दूध घातलं, साखर घातली, आणि बोटाने सहाणेवरचं सगळं जायफळ त्यात सोडलं.

वास आला. नानांनी मान वर केली आणि आतल्या खोलीकडे बघितलं. बघतच राहिले. त्यांचे डोळे भरून आले, माझेही आले, आता लपवून काय करायचंय? दिगंबर घाबरून म्हणाला, "काय झालं?" नानांनी नुसता हात हलवला. कप घेतला, फुंकर घातली, सावकाश अर्धा प्यायले. मग कप मुलापुढे धरला.

"अर्धी तू घे," ते म्हणाले.

दिगंबरने घेतली. शेवटचा घोट झाल्यावरही तो कप हातात धरून तसाच बसला होता. मग उठला, वळकटीची गाठ सोडली, दोरी गोल गुंडाळून खुंटीला अडकवली. माझ्याकडे न बघताच म्हणाला, "बाई, उद्या दुकान उघडं आहे ना? असाच एक फिल्टर मला पिंपरीला न्यायचाय."

तेवढ्यात दारात सुमनबाई. कॉफीचा वास रोजचा, पण आज त्यात जायफळ, म्हणजे दुखणं वाढलं! बाई धापा टाकतच आल्या, हात पिठाचे. आतलं कोणी त्यांना दिसलंच नाही. उंबऱ्यातूनच ओरडल्या, "नाना, ताप उतरना का?"

आणि नानांना ते लख्ख ऐकू आलं.

"उतरना वं," ते म्हणाले. "आज पुरा उतरना. मना आंडोर उना शे."